वस्तूंच्या चित्रकारालाही शहरानं भिंत द्यावी

महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांना दरवर्षी लाखो मुलं बसतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. टेबलावर किटली, दोन-चार कांदे, एखादी बाटली, मागे सोडलेली चादर आणि भोवती बोर्डाला कागद लावून बसलेली पोरं, हे दृश्य आपल्याकडे बहुतेकांच्या ओळखीचं आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ वाढीव गुण मिळतात, बीला ५, सीला ३. त्यामुळे पालकही हौसेनं क्लास लावतात. समोरची वस्तू निरखून बघायची आणि कागदावर उतरवायची, ही सवय इतक्या मुलांना लावणारी व्यवस्था आपण टिकवून धरली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण हेच काम जन्मभर करायचं ठरवणाऱ्या माणसासाठी आपण काय ठेवलंय? जवळजवळ काहीच नाही. परीक्षेपुरतं चित्र म्हणजे स्थिरचित्र, आणि परीक्षा संपली की पुढे ‘खरी’ चित्रकला, अशी आपली समजूत झाली आहे. पुणे महापालिकेनं शहरात आज काम करणाऱ्या चित्रकारांची चित्रं दरवर्षी विकत घ्यावीत, ती एका ठिकाणी कायमची लावावीत आणि त्यात वास्तववादी स्थिरचित्राला हक्काची जागा द्यावी, अशी माझी मागणी आहे. पुरस्कार, सत्कार, शाल-श्रीफळ यांनी ते काम होणार नाही. का होणार नाही, ते या चित्रकाराची कारकीर्द कशी घडते हे बघितल्याशिवाय कळत नाही.

पुण्यात जी. डी. आर्ट किंवा बी. एफ. ए., म्हणजे चित्रकलेची पदविका किंवा पदवी, करून बाहेर पडलेल्या मुलामुलीची पहिली दहा वर्षं पोटामागे जातात. शाळेत कलाशिक्षकाची नोकरी मिळाली तर नशीब. नाहीतर इंटरमिजिएटचे क्लास, पुस्तकांची मुखपृष्ठं, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटसाठी सोफ्याच्या रंगाला शोभतील अशी चित्रं, ओळखीतून आलेलं कुणाच्या तरी आजोबांचं फोटोवरून करायचं पोर्ट्रेट. स्वतःचं काम रात्री आणि रविवारी. चार-पाच वर्षांत वीस-पंचवीस चित्रं साठली की प्रदर्शन. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन, ही आपली नेहमीची ठिकाणं. दालनाचं भाडं, फ्रेमिंग, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, सगळं पदरचं. तीन-चार दिवस चित्रं भिंतीवर राहतात आणि मग बबल रॅपमध्ये गुंडाळून घरी माळ्यावर जातात. खासगी गॅलरीनं हात दिला तर विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी कधी निम्मी रक्कम तिची.

इथपर्यंतची कथा कुठल्याही चित्रकाराची आहे. स्थिरचित्र करणाऱ्याची पंचाईत याच्या पुढे सुरू होते. निसर्गचित्राला गिऱ्हाईक असतं, कारण घाट, नदी, वाई-मेणवली, वाड्याची दिंडी यांच्याशी माणसाची आठवण जोडलेली असते. व्यक्तिचित्राला संस्था आणि घराणी असतात. देवादिकांच्या चित्राला तर मागणी कधीच कमी पडत नाही. तांब्या, दोन वांगी आणि घडी मोडलेलं फडकं यांच्या चित्रासमोर मात्र लोक थांबतात, ‘अगदी खरं वाटतंय हो’ म्हणतात आणि पुढे विचारतात, ‘यात विषय काय आहे?’ किंवा ‘हॉलसाठी सात घोडे कराल का?’ विचारणाऱ्याचा मी राग धरत नाही. घरात चित्र लावताना त्याला शुभ काय, शोभेल काय हे बघायचा पूर्ण अधिकार आहे. पण ज्या प्रकाराला बाजारात विषयाचा आधार नाही, तो केवळ बाजाराच्या भरवशावर टिकणार नाही, हे इथेच स्पष्ट होतं. सार्वजनिक कामंही विषय बघूनच निघतात. उड्डाणपुलाच्या खांबांवर, बसथांब्यावर, शाळेच्या कुंपणावर काय रंगवायचं याची यादी ठरलेली असते: वारी, किल्ले, महापुरुष, स्वच्छतेचा संदेश. तिथे पितळी डब्याला कोण जागा देणार!

ही उतरंड आपण शोधलेली नाही. १७ व्या शतकात फ्रेंच कला अकादमीत फेलिबियाँ या कलालेखकानं चित्रप्रकारांचा क्रम लावला. इतिहास आणि पुराणं वर, मग माणसाचं चित्र, मग प्राणी आणि निसर्ग, आणि निर्जीव वस्तू सगळ्यांत खाली. ब्रिटिश पद्धतीच्या कलाशिक्षणाबरोबर, म्हणजे १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झाल्यानंतर, हीच दृष्टी आपल्याकडे रुजत गेली. आजही बहुतेक कलामहाविद्यालयांत स्थिरचित्र सुरुवातीच्या वर्षांत उरकतात आणि विद्यार्थी व्यक्तिचित्राकडे, रचनाचित्राकडे ‘चढतो’. आपल्या वास्तववादी परंपरेतली लोकांच्या मनात बसलेली चित्रंही माणसांची आहेत: रविवर्म्यांच्या नायिका, धुरंधरांचे प्रसंग, हळदणकरांची दिवा हातात धरलेली मुलगी. तो दिवा किती विलक्षण रंगवलाय, हाताच्या बोटांमधून उजेड कसा झिरपतो, हे सगळ्यांना आठवतं. पण नुसत्या दिव्याचं चित्र असतं तर ते इतकं गाजलं असतं असं मला वाटत नाही.

माझ्या परिचयाच्या एक चित्रकर्ती सदाशिव पेठेत जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे आणि त्या एका खिडकीपायी त्यांनी मोठ्या फ्लॅटचा विचार सोडून दिला. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा हलत नाही म्हणून चित्रकार तो पसंत करतात, असं पुस्तकं सांगतात. ती पुस्तकं युरोपातली. पुण्यात साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो आणि सकाळ-संध्याकाळी त्याच खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते. त्या दिवसांत त्या खिडकीला ट्रेसिंग पेपर लावतात. वस्तू जुन्या बाजारातून आणलेल्या, बुधवारी किंवा रविवारी. भाजी मंडईतली, आणि तीही चित्रासाठी वेगळी निवडलेली, देठ ताजे असलेली, कारण वांग्याचं अंग आठवडाभर टिकतं पण देठ दोन दिवसांत सुकून रंग बदलतो. म्हणून देठ आधी रंगवायचा, अंग नंतर.

त्यांच्याकडे तांबट आळीतला एक तांब्याचा हंडा आहे, मठारलेला. मठारकामात हातोडीच्या प्रत्येक ठोक्यानं पत्र्यावर एक चपटा पैलू पडतो. असे शेकडो पैलू. प्रत्येक पैलू वेगळ्या कोनात, त्यामुळे प्रत्येकात खोलीचा वेगळा तुकडा दिसतो: एकात खिडकी, दुसऱ्यात वांग्याचा जांभळा, तिसऱ्यात चित्रकर्तीच्या साडीचा हिरवा. लांबून बघणारा म्हणतो, तांब्याचा रंग. जवळ जाऊन बघावं तर त्यात तपकिरी, काळा, राखाडी, हिरवट, आणि ज्याला आपण तांबूस म्हणू तो रंग जेमतेम तीन बोटं जागेत. शिवाय हंड्यावरचा खिडकीचा झगझगीत ठिपका ट्यूबमधल्या पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त उजळ असतो. पांढऱ्याहून पांढरा रंग मिळत नाही. मग तो ठिपका लखलखावा म्हणून भोवतालची अख्खी छटांची शिडी दोन पायऱ्या खाली आणावी लागते आणि तरी कुठे चित्र अंधारलंय असं वाटू द्यायचं नाही. किती खाली आणायचं, कुठे थांबायचं, कुठल्या पैलूला सोडून द्यायचं, हे शेकडो निर्णय त्या एका हंड्यात आहेत.

‘कॅमेरा आहे ना’ असं म्हणणाऱ्यांना, आणि आता ‘संगणक दोन सेकंदांत काढून देतो’ म्हणणाऱ्यांना, माझं उत्तर त्या हंड्यात आहे. फोटोत एकाच क्षणाचा, एकाच मापाचा उजेड असतो. ठिपका जपला तर सावली काळी होते, सावली उघडली तर ठिपका फिका पडून फाटतो. माणसाचा डोळा सावलीत शिरताना स्वतःला बदलतो, उजेडाकडे आला की पुन्हा बदलतो, आणि चित्रकार ही डोळ्याची हालचाल आठवडे-महिने चाललेल्या कामात साठवत जातो. संगणकाच्या चित्रात तर समोर हंडाच नसतो. हजारो हंड्यांच्या प्रतिमांवरून तयार केलेलं ते दिसणं असतं. बघितलेलं काहीच नसतं. वास्तववादी स्थिरचित्राची किंमत ‘हुबेहूब’ असण्यात शोधणारे प्रशंसकसुद्धा त्याच्यावर अन्यायच करतात. हुबेहूबपणा ही त्या कामाची पहिली पायरी. एका माणसानं एका वस्तूपाशी एवढा वेळ काढला आणि काय उरवलं, काय गाळलं, हे पुढचं.

याच चित्रकर्तीनं तो हंडा आजवर अनेकदा रंगवलाय. माझ्या बघण्यात त्यातली दोन चित्रं आली, मध्ये बऱ्याच वर्षांचं अंतर असलेली. पहिल्यात प्रत्येक पैलू मोजून घेतलाय, जणू एकही सुटला तर पाप लागेल. दुसऱ्यात हंड्याची अर्धी बाजू भिंतीच्या सावलीत विरलेली आहे, पैलू दहा-बाराच आहेत, आणि हंडा पहिल्यापेक्षा जड वाटतो. ही दोन चित्रं शेजारी लावली तर एका माणसाची पंचवीस वर्षांची वाढ कुणालाही, अगदी चित्रकलेचं शिक्षण न घेतलेल्यालाही, समोर दिसेल. पण ती शेजारी लागणार कुठे? एक विकलं गेलं, कुणाच्या तरी घरी आहे. दुसरं भिंतीला पाठ लावून ठेवलंय.

पुरस्कारानं आणि तीन दिवसांच्या प्रदर्शनानं भागत नाही असं मी म्हटलं, ते यामुळे. स्थिरचित्रकाराची कारकीर्द एका चित्रात मावत नाही. त्याच वस्तू, तीच खिडकी, आणि वर्षानुवर्षं बदलत गेलेली नजर, हीच त्याची कामगिरी. स्पर्धेला एक चित्र पाठवायचं म्हटलं की शेजारच्या मोठ्या विषयाच्या, मोठ्या आकाराच्या चित्रापुढे तांब्या-पेला दबून जाणारच. प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा जाऊन बघता येईल आणि जुनं-नवं ताडून बघता येईल, अशी जागा असेल तरच या कामाचं मोल समाजाला कळेल. आणि अशी जागा बाजार तयार करत नाही.

युरोपात हे कुणी तरी ओळखलं होतं. शार्दाँ १७२८ साली फ्रेंच अकादमीत दाखल झाला तो प्राणी आणि फळांचा चित्रकार म्हणून, म्हणजे उतरंडीच्या तळाशी. त्याला १७५२ मध्ये राजानं सालीना ५०० लिव्र वेतन बांधून दिलं आणि १७५७ मध्ये लूव्रच्या राजवाड्यात राहायला जागा दिली. तो पुढेही अनेक वर्षं तांब्याची पातेली, कांदे, पाण्याचे पेले रंगवत राहू शकला, त्यामागे ही सोय होती. मोरांदी या इटालियन चित्रकाराचं उदाहरण तर पुण्यानं गिरवावं असं आहे. बोलोन्या या शहरात तो जन्मभर राहिला, त्यातलं बहुतेक आयुष्य तीन बहिणींसोबत, एकाच घरात. आधी प्राथमिक शाळांमधून चित्रकला शिकवली, मग १९३० पासून १९५६ पर्यंत तिथल्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापचित्र काढण्याचं तंत्र, शिकवलं. उरलेला वेळ बाटल्या, डबे आणि फुलदाण्या. १९४८ साली व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळालं, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९६४ मध्ये तो गेला, बहिणीनं चित्रं शहराला दिली आणि १९९३ मध्ये त्याचं संग्रहालय उघडलं ते बोलोन्याच्या नगरपालिकेच्या ऐतिहासिक वाड्यात. म्हणजे नगरपालिकेच्या कामासाठी लोक ज्या वास्तूत जात, तिथेच तेव्हा बाटल्यांची चित्रं लागली.

आपल्याकडेही उदाहरण नाही असं नाही. कृष्णाजी हौळाजी आरा यांनी मुंबईत घरगडी म्हणून, गाड्या धुऊन दिवस काढले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत ते होते. फुलं, सुरया, फळं हा त्यांचा आवडता विषय आणि १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं ते ‘टू जग्ज’ या चित्रासाठी. आरा काटेकोर वास्तववादी नव्हते, हे खरं. पण दोन सुरयांचं चित्र पदकाच्या तोडीचं असू शकतं, हे सत्तर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या परीक्षकांना पटलं होतं.

वस्तूंचं मोल पुण्याला मी नव्यानं सांगावं असंही नाही. बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. दिनकर केळकरांनी उभी हयात घालवून दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं, दौती, पानाचे डबे जमवले. आज तो संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे आणि १९६२ साली त्यांनी तो राज्य सरकारच्या हवाली केला. ज्या वस्तू लोक मोडीत घालत होते, त्यांच्यात त्यांना माणसाचा हात दिसला. आज त्या काचेआडच्या अडकित्त्यासमोर पुणेकर कौतुकानं उभे राहतात. मग तोच अडकित्ता कुणी जिवंत माणूस खिडकीशी बसून महिनाभर रंगवतो, तेव्हा त्याला ‘विषय काय?’ विचारायची गरज पडू नये.

आता पैशाचं. रस्त्यात खड्डे, पाण्याचे टँकर, कचऱ्याचे ढीग, आणि तुम्हाला चित्रं सुचतात, असं कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडतो. पुणे महापालिकेचा वर्षाचा अर्थसंकल्प साडेबारा हजार कोटींच्या घरात गेलाय. वर्षाला २५ लाखांची चित्रं घेतली आणि आणखी २५ लाख देखभालीला ठेवले, तर होतात ५० लाख. म्हणजे एक लाख रुपयांमागे ४ रुपये. तेवढ्यानं कुठला खड्डा बुजायचा राहत नाही. देखभालीचे पैसे मी मुद्दाम वेगळे धरलेत, कारण पुण्याच्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या कॅनव्हासवर मागून बुरशी चढते आणि जलरंगाला कायमचा प्रखर उजेड सोसत नाही. नुसती खरेदी करून चित्रं गोदामात टाकायची असतील तर घेऊच नयेत.

दुसरी शंका मला जास्त खरी वाटते: वशिला. समिती आली की ओळखी आल्या. त्यावर पक्का उपाय कुणाकडेच नाही, पण त्रास कमी करता येतो. निवड करणारे निम्मे लोक शहराबाहेरचे असावेत, कोल्हापूर, नागपूर, मुंबईचे. त्यांची मुदत दोन वर्षांची. प्रत्येक चित्राला दिलेली किंमत आणि निवडीचं कारण जाहीर लावलेलं. एका चित्राला एक लाखाची मर्यादा ठेवली तर वर्षाला किमान पंचवीस चित्रं येतात, आणि स्थिरचित्रं आकारानं लहान असल्यानं त्यांना ही मर्यादा जाचणार नाही. एका गोष्टीवर मात्र मी अडून राहीन. ‘एकाला एकदा मिळालं, आता दुसऱ्याला’ हा वाटपाचा नियम इथे लावू नये. ज्याचं चित्र घेतलं, त्याचं पाच वर्षांनी पुन्हा घ्यावं, दहा वर्षांनी आणखी एक. अन्यायाची ओरड होईल. होऊ द्या. चित्रकाराची वाढ दिसावी म्हणूनच भिंत मागतो आहोत. प्रत्येकाचं एकेक चित्र टांगून फक्त हजेरीपट तयार होईल.

जागेचं उत्तर अवघड नाही. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं, त्याच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. नाट्यगृहं किती, पार्किंग किती यावर खल होतो. त्याच आराखड्यात एक कायमचं दालन, भाड्यानं न देण्याचं, आत्ताच लिहून घ्यावं. ते होईपर्यंत घोले रोडच्या सांस्कृतिक भवनातली एक भिंत पुरेल.

घाई एवढ्यासाठी की पेठांमधले वाडे आणि जुन्या इमारती पाडून नव्या होतायत. त्या घरांमध्ये साठ-सत्तर वर्षांचं काम माळ्यांवर आहे. मुलं परगावी, नवा फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि गुंडाळलेले कॅनव्हास कुठे ठेवायचे हे कुणालाच सुचत नाही. कलाशिक्षक म्हणून निवृत्त झालेली, आयुष्यभर शांतपणे वस्तू रंगवत राहिलेली माणसं या शहरात आहेत आणि त्यांतली बरीच आता थकली आहेत. म्हणून पहिल्या वर्षीची खरेदी सत्तरीपुढच्या चित्रकारांपासून सुरू करावी. त्यांच्याकडून अर्ज मागवू नयेत. समितीनं त्यांच्या घरी जावं, माळ्यावरची चित्रं खाली काढावीत आणि उजेडात नेऊन बघावीत.